राज्य कुणावर

आत्या कपाटात लपून बसली आहे हे घरातले सगळे विसरून गेले आहेत, ही गोष्ट खुद्द आत्याच्या लक्षात यायला बराच वेळ लागला. आधी तिला वाटलं, चिंगी मुद्दाम उशीर लावते आहे. चिंगी म्हणजे तिच्या भावाची धाकटी मुलगी. पुढचे दोन दात पडलेले, प्रत्येक खेळात लिंबूटिंबू असण्याचा अपमान गिळत आलेली, आणि आज हट्टानं स्वतःवर राज्य घेतलेली. आकडे म्हणताना ती पंधरा आणि सतरा खाऊन टाकत होती ते आत्याला कपाटात ऐकू आलं होतं. मग थोरली सापडल्याचा गिल्ला झाला. ती पडद्यामागे होती, तिचे पाय दिसत होते, म्हणजे हा रडीचा डाव, नाही म्हणजे तूच रडी, असं सगळं रीतसर भांडण झालं. तेवढ्यात सकाळपासून गेलेली वीज आली. स्वयंपाकघरात फ्रीज घरघरला, हॉलमध्ये टीव्ही आपोआप बोलायला लागला, दोघी मुली एकदम “हेऽऽ” करून ओरडल्या. त्यानंतर टीव्हीतल्या कुठल्यातरी प्राण्यांचे किनरे आवाज आणि मुलींचं हसणं, एवढंच येत राहिलं. खोलीतला दिवाही लागला असावा, कारण कपाटाच्या फटीतून उजेडाची एक बारीक रेघ आत्याच्या गुडघ्यावर येऊन पडली होती. त्या रेघेकडे बघता बघता तिला उमगलं की खेळ कधीच संपला आहे. तिच्यावर राज्य आलं नव्हतं, ती जिंकलीही नव्हती. ती नुसती राहून गेली होती.

बाहेर पडायला काहीच अडचण नव्हती. दार आतून ढकललं की उघडलं असतं. कंबर धरत, हसत हॉलमध्ये जायचं, म्हणायचं, काय गं लबाडांनो, विसरलात ना मला? मुली ओशाळून हसल्या असत्या, गळ्यात पडल्या असत्या. पण ती उठली नाही. दोन्ही गुडघे पोटाशी घेऊन, भावाच्या कोटांच्या टोकांखाली डोकं वाकवून ती तशीच बसून राहिली. का, ते तिला सांगता आलं नसतं. थोडं असंही असेल की एवढा वेळ हाताला काही काम नसताना, कुणाच्या वाटेत न येता, ती या घरात पहिल्यांदाच बसली होती. आई गेल्यावर आईचं भाड्याचं घर सोडावं लागलं आणि भाऊ म्हणाला, ताई, तू आमच्याकडे चल, पुढचं पुढं बघू. तेव्हापासून ती इथं होती. नवव्या मजल्यावरच्या या फ्लॅटमध्ये मुलींच्या खोलीत तिची घडीची कॉट होती आणि सगळ्यांच्या आधी उठून ती कॉटची घडी करून ठेवी. टॉवेल आपला आपण वेगळा वाळत घाली. न्हाणीघरातला आपला ब्रश काम झालं की परत पिशवीत ठेवी. भावजयीनं एकदा म्हटलंही होतं, “ताई, असू दे ना इथं कपात आमच्या ब्रशांबरोबर.” त्यावर ती “हो, हो” म्हणाली होती आणि ब्रश पिशवीतच ठेवत राहिली होती. पुढचं पुढं बघू, यातलं ते पुढं कुठं सुरू होतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनंही विचारलं नव्हतं.

मग हा पाऊस लागला. एक दिवस झाला, दोन झाले, रस्ते पाण्याखाली गेले, शाळा बंद, भावाचं ऑफिस घरातल्या जेवणाच्या टेबलावर, आणि हॉस्पिटलनंही तिला कळवलं की जवळ राहणारे आहेत, तुम्ही येऊ नका. एक्स-रे खात्यात इतकी वर्षं काढून तिला असं घरी बस कुणी म्हटलं नव्हतं. सगळे वैतागले. तिला मात्र मनातून लाज वाटावी इतका आनंद झाला होता. कारण मुली घरात कोंडलेल्या आणि त्यांना रिझवायचं कसं हे तिच्याखेरीज कुणालाच येत नव्हतं. जुन्या मोज्यांच्या बाहुल्या झाल्या. भिंतीवर हातांच्या सावल्या झाल्या, त्यात तिचा ससा तर इतका नामी होता की भाऊसुद्धा लॅपटॉपवरून मान वर करून बघून गेला. पत्ते झाले, डोळे बांधून वास ओळखायचे झाले, दोन खुर्च्यांवर चादर टाकून तंबू झाला, आणि तंबूच्या मधोमध आधाराला तिचीच काळी छत्री उघडून उभी केलेली. “आत्या, आता काय?” असं मुली दर थोड्या वेळानं विचारत आणि तिच्याकडे काहीतरी असेच. पाऊस पडत होता तोवर ती या घरात पाहुणी नव्हती. रोज सकाळी उठल्यावर ती आधी खिडकीशी जाऊन आभाळ अजून तसंच भरलेलं आहे ना ते बघायची.

कपाटात डांबराच्या गोळ्यांचा वास होता आणि त्याच्या खाली लोकरीचा, थोडा दमट. अंधारात बसायची तिला सवय होती. पूर्वी फिल्मा धुवायच्या अंधाऱ्या खोलीत तिनं दिवसचे दिवस काढले होते. पुढं ते सगळं गेलं, संगणक आले, तरी काचेआडून माणसांना म्हणायचं ते वाक्य तेच राहिलं. श्वास घ्या, धरून ठेवा, हलू नका. सोडा. दिवसभरात कितीतरी माणसं तिच्या सांगण्यावरून श्वास धरत आणि सोडत, आणि त्यांच्याबरोबर नकळत तीही. आताही ती तशीच बसली होती हे लक्षात येऊन तिला हसू आलं. भाऊ लहानपणी असा लपूच शकत नसे. त्याला एकट्यानं लपायची भीती वाटे, म्हणून तो तिच्याच जागेत घुसायचा, तिचा हात धरून, आणि वर तोंड बंद ठेवता यायचं नाही. ताई, तो आला का, ताई, मला शिंक येतेय. त्याच्यापायी ती कितीदा पकडली गेली असेल. अखंड बडबड करायचा म्हणून आई त्याला राघू म्हणायची. तोच राघू मोठा झाला आणि गप्प झाला. आईच्या आजारपणात तो यायचा तेव्हा खुर्चीच्या कडेवर बसायचा, आणलेली फळं टेबलावर ठेवायचा, औषधांच्या बाटल्या उचलून त्यावरची अक्षरं वाचायचा आणि म्हणायचा, “ठीक चाललंय ना सगळं?” ठीक चाललंय, असं ती म्हणायची. आई गेली तेव्हा तो दुसऱ्या दिवशी पोचला. रडला नाही. कागदांवर सह्या केल्या, माणसांशी बोलला, तिच्या पाठीवरून हात फिरवला. ते न रडणं तिनं त्या दिवसापासून दाताखाली खडा धरावा तसं धरून ठेवलं होतं. थुंकलं नाही, गिळलंही नाही. त्याच्याशी बोलताना ती जीभ त्या खड्याच्या बाजूनं वळवून न्यायला शिकली होती.

खोलीचं दार उघडलं. मुली आल्या असं वाटून ती तोंडावर हात धरून हसायच्या तयारीत बसली. पण दार पुन्हा लागलं, आणि पलंगाची स्प्रिंग वाजली.

“ताई कुठंय?” भावाचा आवाज.

“खाली गेल्या असतील. छत्री नाहीय त्यांची दाराशी,” भावजय म्हणाली. “दूध संपलंय म्हणत होत्या.”

“एवढ्या पावसात?”

“त्यांना सांगून ऐकतात का? हे बघ, आज तरी सांग. तू बदलीला हो म्हणून किती दिवस झाले. मुलींच्या शाळेचं बघायचंय, हे घर सोडायचं कळवायचंय. बाहेरून कुठून कळलं तर काय वाटेल त्यांना?”

“सांगतो.”

“सांगतो, सांगतो, रोज तेच. मी तर म्हणते त्यांनाही घेऊन जाऊ. तिकडे खोली जास्तीची आहे. मुलींना किती लळा लागलाय बघतोयस ना? गेले चार दिवस त्या नसत्या तर या दोघींनी मला वेडं केलं असतं.”

बदली हा शब्द आत्यापर्यंत अजून पोचायचाच होता. त्याआधी पोचलं ते हे, की भावजय तिच्या बाजूनं बोलते आहे. इतके महिने ती ज्या बाईच्या चेहऱ्यावरची आठी शोधत होती, तिच्या कपाळावर आठी नव्हतीच. आता बाहेर यायला हवं, तिला वाटलं. आत्ताच, अजून हसण्यावारी नेता येईल तोवर.

“नको,” भाऊ म्हणाला.

“का पण?”

“नको म्हटलं ना.”

“अरे पण कारण काय? बहीण ना तुझी?”

पावसाचा आवाज खिडकीच्या काचेवर जोरात आला आणि ओसरला. भाऊ बोलला तेव्हा त्याचा आवाज खाली, जमिनीकडे तोंड करून बोलावं तसा येत होता.

“ती समोर आली की मला आई दिसते. माझ्यासमोर चहा ठेवते ना, कपाचा आवाजसुद्धा न करता, तेव्हा मला वाटतं, आता विचारेल. कुठं होतास तू? मी एकटी तिला उचलत होते, पुसत होते, तेव्हा कुठं होतास? एकदा विचारलं असतं, भांडली असती, चार माणसांत बोलली असती, तर मी सुटलो असतो गं. पण ती बोलतच नाही. इतकी चांगली वागते की माझा जीव घुसमटतो. मला ऑफिसातून घरी यावंसं वाटत नाही. माझ्याच घरी.”

“अरे…”

“आईनं शेवटी माझं नाव काढलं असेल का, हे मला तिला विचारायचंय. रोज विचारायचंय. आणि तोंड उघडत नाही.”

आणि मग तो आवाज आला. आधी तिला कळलंच नाही की तो कसला आहे; पावसातलंच काहीतरी, पन्हळीत अडकलेलं पाणी सुटावं तसं. भाऊ रडत होता. ज्या रडण्याची ती इतके महिने वाट बघत होती, जे मिळालं असतं तर तिनं त्याला सगळं माफ केलं असतं असं तिला वाटायचं, ते रडणं आता तिच्यापासून हातभर अंतरावर चाललं होतं आणि तिला ते ऐकवत नव्हतं. दोन्ही कानांवर हात धरावेत तर कोपर दाराला लागेल. ती हलली नाही. श्वास धरून ठेवला. सोडा असं म्हणणारं कुणी नव्हतं.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

“बाबा, आत्या इथं आहे?” चिंगीचा आवाज. “आम्ही तिला शोधायलाच विसरलो!”

“आत्या खाली गेलीय गं राणी,” भावजय म्हणाली. “दूध आणायला.”

“नाही गेली! आम्ही लपाछपी खेळतोय. ती लपलीय. सगळीकडे बघितलं. फक्त तुमची खोली राहिलीय.”

बाहेरची दोन मोठी माणसं एकाच वेळी कशाकडे बघत असतील हे तिला दिसत नव्हतं आणि दिसतही होतं. चिंगीचे अनवाणी पाय पलंगाखाली वाकून आले, पडद्यापाशी जाऊन आले. मग कपाटाकडे धावले. आणि त्यांच्या आधी आणखी कुणाचे तरी जड पाय कपाटासमोर येऊन उभे राहिले. गुडघ्यावरची उजेडाची रेघ विझली. कपाटाची मूठ थोडी खडखडली. भावाचा हात मुठीवर होता. लाकडाच्या एका फळीपलीकडे त्याचा अजून न सावरलेला श्वास तिला ऐकू येत होता, आणि त्याअर्थी तिचाही त्याला येत असणार.

“इथं मी बघितलं,” भाऊ म्हणाला. “कपडे आहेत नुसते.”

“मी बघू?”

“नाहीय गं कुणी. चल, आपण स्वयंपाकघरात बघू. मी येतो तुझ्याबरोबर.”

सगळे पाय बाहेर गेले. जाताना कुणीतरी दार ओढून घेतलं, पण पुरतं लावलं नाही.

बाहेर आल्यावर तिला धड उभं राहता येईना. एक पाय कधीच बधिर होऊन गेला होता. तिनं कोट सारखे केले, कपाटाचं दार लावलं, पलंगावरच्या चादरीवर दोन माणसं बसल्याचे खळगे होते ते बघितले आणि तसेच राहू दिले. स्वयंपाकघरात भाऊ चिंगीबरोबर कुठंकुठं शोधत होता, मोठमोठ्यानं, डब्यात आहे का, ओव्हनमध्ये आहे का. तो आवाज वाट मोकळी करून देण्यासाठी आहे हे ओळखून ती लंगडत मुलींच्या खोलीत गेली आणि तंबूत शिरून छत्रीच्या दांड्याशी बसली. चिंगीला ती तिथं सापडली.

“सापडली! आत्या सापडली!” आणि मग कमरेवर हात ठेवून, भुवया चढवून, “पण इथं मी दोनदा बघितलं होतं.”

“नीट नव्हतं बघितलंस.”

“बघितलं होतं. तू जागा बदललीस. रडीचा डाव खेळलीस.”

“खेळले बाई,” आत्या म्हणाली आणि तिला जवळ घेतलं. चिंगीच्या केसांना बिस्किटांचा वास येत होता.

दुपारी मुली पुन्हा टीव्हीसमोर बसल्या. भावजय त्यांच्यातच जाऊन बसली, तिच्या बसण्यात काहीतरी ठरवल्यासारखं होतं. आत्या स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवत होती तेव्हा भाऊ आला. नेहमी तो चहा टेबलावर यायची वाट बघे. आज येऊन खिडकीशी उभा राहिला. खाली रस्ता नव्हताच, तपकिरी पाणी होतं, आणि त्यात मोटारींची नुसती छपरं. एक माणूस डोक्यावर खुर्ची घेऊन कमरेइतक्या पाण्यातून चालला होता.

“ताई,” तो म्हणाला आणि थांबला.

“कधी निघताय?” तिनं विचारलं.

तो खिडकीतून वळला नाही. त्याची मानच काय ती थोडी खाली गेली. “महिनाअखेरीला.”

“बरं. थंडी असेल ना तिकडे? थोरलीला खोकला लगेच होतो, लक्ष ठेवा.” पाण्याला उकळी येत होती. तिनं साखर टाकली, चमचा फिरवला. आत्ता सांगितलं नाही तर ते कधीच सांगायचं नाही, हे तिला कळत होतं. इतके दिवस तिनं ते आपल्यापाशी ठेवलं होतं ते त्याला छळायला म्हणून नव्हे. सांगायला गेलं की त्यात तिचंच काही उरत नसे, म्हणून. आईची इतकी वर्षं सेवा केल्याचं तिच्याजवळ दाखवण्यासारखं काही नव्हतं. जे होतं ते हे एवढंच होतं, आणि तेही त्याच्या नावाचं.

“आई शेवटी शेवटी मला राघू म्हणायची,” ती म्हणाली.

आता तो वळला.

“ओळखायची नाही ना कुणाला. माझा आवाज असा घोगरा, केस कापलेले, तिला वाटायचं तूच आहेस. रात्रंदिवस तूच बसलायस तिच्याजवळ. मी आधी सांगून बघायचे, अगं मी आहे, तुझी लेक. तर घाबरायची, रडायची. मग मी सोडून दिलं. म्हटलं, असू दे. राघू तर राघू.”

“म्हणजे तिला वाटलं, मी होतो?”

“होतासच की. तू भरवलंस, तू पाय चेपलेस. शेवटच्या दिवशीही तुझाच हात धरला होता तिनं.”

“काय बोलायची?”

“विचारायची, राघू, जेवलास का?”

“आणि तू?”

“मी म्हणायचे, हो आई, जेवलो.”

ते ‘जेवलो’ ऐकून तो एकदम हसला आणि हसता हसताच त्याला रडू फुटलं. तोंडावर हात धरून तो स्टुलावर बसला. आत्यानं त्याच्याकडे बघितलं नाही. तिला बघवलं नसतं. ती गाळणं शोधत राहिली, जे तिच्या समोरच होतं. मग त्यानं बाहीनं नाक पुसलं, अगदी लहानपणी पुसायचा तसं, आणि तिला दिसलं की त्याचे खांदे कुठूनतरी खाली आले आहेत. एवढ्याशा वेळात तो वयानं लहान दिसायला लागला होता.

“आणि तुझ्याबद्दल?” त्यानं विचारलं. “तुझ्याबद्दल काही म्हणायची का?”

म्हणायची. तिन्हीसांजा झाल्या की आई तिचं मनगट घट्ट धरायची, दाराकडे बघून आवाज खाली आणायची आणि गाऱ्हाणं सांगायची. राघू, तुझी बहीण बघ. फिरकत नाही रे माझ्याकडे. पोटची मुलगी ना ती? तू एवढं करतोस, आणि तिला एकदा येऊन तोंड दाखवता येत नाही. मी काय केलं तिचं? आणि आईच्या हनुवटीवर ओघळलेली पेज फडक्यानं टिपत ती म्हणायची, येईल, आई. कामात असेल ती. येईल. आईला ते खरं वाटायचं नाही. शेवटपर्यंत वाटलं नाही.

“माझ्याबद्दल कशाला काय म्हणेल?” आत्या म्हणाली. “मी तर तिथंच होते.”

भावानं मान डोलावली. ते त्याला पटलं. तिनं चहा गाळला, कप त्याच्या हातात दिला; त्यानं तो दोन्ही तळव्यांत धरला, एक घोट घेतला आणि स्टूल तिच्या आणखी जवळ ओढलं.

“अजून काय काय म्हणायची मला?” तो म्हणाला. “सगळं सांग.”

तिनं गॅस बंद केला आणि ती सांगू लागली.